जुन्या फटफटीचें इंजिन बांधावें केव्हां?

कापूस विकून झाला, तूर व हरभरा घरांत आला आणि पेरणीस अद्याप दोन-अडीच महिन्यांचा अवकाश आहे, अशा चैत्र-वैशाखांत खामगांवच्या मोटारसायकल-मिस्त्र्यांच्या दुकानांपुढें गाड्यांची रांग लागते. वर्षभर शेताच्या वाटेनें दामटलेली गाडी याच दिवसांत दाखविण्यास आणतात, आणि हातांत चार पैसे असतात तेहि याच दिवसांत. मिस्त्री एक किक मारतो, सायलेन्सरकडे एकवार पाहतो आणि सांगतो, "इंजिन काम निघालें." हें ऐकून मालक एक तर गाडी तेथेंच सोडून जातो, नाहीं तर संशयानें परत नेतो व ती पुरती बसेपर्यंत चालवितो. दोन्ही मार्ग बहुधा नुकसानीचे. पहिल्यांत बियाण्या-खताचा पैसा विनाकारण लोखंडांत जातो. दुसऱ्यांत जें काम बोअर-पिस्टनवर भागलें असतें तें क्रँकपर्यंत जाऊन पोंचतें.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. पीक बुडालें असें कोणी म्हटल्यानें त्या खात्यांत तें बुडालें असें ठरत नाहीं. शेतावर जाऊन पंचनामा व्हावा लागतो. इंजिनासहि हाच न्याय लावावा असें आमचें मत आहे, आणि हा पंचनामा पुष्कळ अंशीं मालकास स्वतः करतां येतो. मिस्त्र्यांवर अविश्वास दाखवावा असा याचा अर्थ नव्हे. खामगांवांत कान लावून दोष सांगणारे जाणते कारागीर आहेत. परंतु दिवसाकाठीं वीस गाड्या ज्याच्या हातांखालून जातात त्यानें आपल्या गाडीची महिनाभराची हकीकत कोठून जाणावी? ती मालकासच ठाऊक असते.

आपल्याकडे जुन्या म्हणून ज्या गाड्या चालतात त्यांत हिरो होंडाचा भरणा मोठा. ती कंपनी १९८४ सालीं निघाली, तिची पहिली शंभराची गाडी १९८५ सालीं व स्प्लेंडर १९९४ सालीं आली, आणि २०११ सालीं कंपनीचें नांवच बदललें. म्हणजे टाकीवर जुनें जोडनांव असलेली गाडी आज पंधरा वर्षांच्या घरांत आली, किंवा तें ओलांडून गेली, असें समजावें. त्याखालोखाल पुण्याच्या बजाजच्या गाड्या, आणि मधून मधून ओतीव लोखंडाच्या बोअरची एखादी बुलेट. राजदूत व येझदी आतां हौसेपुरत्या उरल्या आहेत. या साऱ्या कार्बोरेटरच्या गाड्या; १ एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषण-नियम आले तेव्हांपासून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल फवारणारी यंत्रणा असते, त्यांचा विचार येथें केला नाहीं.

पहिली गोष्ट ही कीं गाडी ओढत नाहीं एवढ्यावरून इंजिन झिजलें असें समजूं नये. क्लच-प्लेटा झिजल्या असतील तर मूठ पिळतांच इंजिन भणभणतें, पण गाडी त्या मानानें पुढें सरत नाहीं. चौथ्या गिअरमध्यें मध्यम वेगानें जात असतां एकदम मूठ पिळून पाहावी. आवाज चढला व वेग चढला नाहीं तर दोष क्लचचा, इंजिनाचा नव्हे. मोटारीच्या इंजिनाचें तेल स्वस्त मिळालें म्हणून मोटारसायकलींत ओतल्यानेंहि क्लच घसरतो, कारण बहुतेक गाड्यांत क्लच त्याच तेलांत बुडालेला असतो. मागचा ब्रेक चिकटून राहणें, चेन कोरडी पडणें, चाकांत हवा कमी असणें, एअर फिल्टर मातीनें गच्च होणें, हीं कारणें तर इतकीं साधीं आहेत कीं तीं कोणी पाहतच नाहीं. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचें चाक हातानें फिरवून पाहण्यास खर्च कसला?

यांत अलीकडे एका कारणाची भर पडली आहे. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांवर गेलें. आपल्या मोताळा-मलकापूरकडील मका उत्पादकांस ही गोष्ट बरी वाटेल, कारण मक्यापासूनहि इथेनॉल काढतात; परंतु जुन्या कार्बोरेटरचीं जेटें निव्वळ पेट्रोलाच्या हिशेबानें बसविलेलीं असतात. या मिश्रणास हवेच्या मानानें इंधन थोडें अधिक लागतें, तें न मिळाल्यास गाडी अडखळते, सायलेन्सरमध्यें फटके मारते, तापते. जुन्या रबरी नळ्या फुगतात वा चिरतात, आणि टाकींत पाणी उतरलें असेल तर तें या मिश्रणांत मिसळून खालीं बसतें. हीं लक्षणें पाहून इंजिन उघडण्यापेक्षां कार्बोरेटर व टाकी साफ करून, नळ्या बदलून पाहणें शहाणपणाचें.

आतां धुराकडे वळूं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त व हवा कमी. चोक अडकला असेल किंवा फिल्टर भरला असेल. थंडीच्या सकाळीं दिसणारा पांढरा धूर ही पाण्याची वाफ असते व ती थोड्या वेळानें जाते. निळसर धूर तेवढा तेल जळत असल्याची खूण होय. परंतु तेल जळतें एवढें कळून भागत नाहीं. तें कोणत्या वाटेनें आंत शिरतें हें कळलें पाहिजे, आणि तें धूर केव्हां येतो यावरून कळतें. रात्रभर उभी राहिलेली गाडी पहिल्या किकेबरोबर निळा ढग सोडते आणि पांच मिनिटांनीं स्वच्छ होते, तर तेल वरून, व्हॉल्व्हच्या दांड्यावरील रबरी सीलांतून, रात्रभर झिरपलें असें समजावें. बुलढाण्याहून खामगांवकडे येतांना बोथ्याच्या घाटांत मूठ सोडून उतरत यावें, आणि खालीं पुन्हा मूठ पिळतांच मागून निळा लोट निघावा, तर हेंहि व्हॉल्व्हच्या गाईडचें व सीलचेंच लक्षण. कारण मूठ बंद असतां इंजिन आंत जोरानें ओढ घेतें व गाईडमधून तेल खेंचतें. उलट चढावर, ओझ्याखालीं, मूठ पिळलेली असतां सतत धूर येत असेल आणि तेल टाकण्याच्या तोंडांतून वा ब्रीदरच्या नळींतून फकफक वाफ निघत असेल, तर रिंगा व बोअर यांकडे बोट जातें.

आमच्या पाहण्यांतील एका स्प्लेंडरची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. दुधाचे कॅन घेऊन रोज खामगांवास येणारी ही गाडी सकाळीं फार धूर सोडी. एका दुकानांत तिला 'फुल इंजिन' सांगितलें. वाचकांस हे शब्द ठाऊक असतीलच: हेड, बोअर, पिस्टन व रिंगा एवढेंच काम तें हाफ इंजिन, आणि खालचा क्रँक, कनेक्टिंग रॉड व बेअरिंगें धरून तें फुल इंजिन. मालकाचा मुलगा कृषि-विद्यालयांत शिकलेला. त्यानें महिनाभर एका वहींत तेलाची पातळी लिहून ठेविली. या गाडींत तेल सुमारें एक लिटर मावतें, म्हणून शंभर मिलिलिटर कमी होणें म्हणजे दहावा हिस्सा गेला. वहीवरून दिसलें कीं महिन्याचा खर्च त्याहून कमीच, धूर फक्त सकाळचा, आणि चढावर कांहीं नाहीं. हेड उतरवून सीलें बदललीं, व्हॉल्व्ह घांसून बसविले. बोअरला हात लावला नाहीं. गाडी आजहि दूध आणते. त्या वेळीं फुल इंजिन केलें असतें तर हरभऱ्याचें एक पोतें सहज गेलें असतें आणि धूर गेला तो सीलें बदलल्यामुळेंच हें कोणास कळलेंहि नसतें.

बुलेटवाल्यांनीं एक निराळी गोष्ट ध्यानांत ठेवावी. जुन्या बुलेटचें तेल वेगळ्या कप्प्यांत राहतें व पंपानें फिरतें. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली तर तें झिरपून क्रँकच्या कप्प्यांत उतरतें, आणि सुरू केल्यावर कांहीं मिनिटें गाडी भट्टीसारखा धूर सोडते. तो धूर झिजेचा नव्हे. दहा मिनिटें चालवून मग पाहावें. राजदूत-येझदीसारख्या दोन-स्ट्रोक गाड्यांत तर पेट्रोलांतच तेल घालावें लागतें, तेव्हां थोडा निळा धूर हा त्यांचा स्वभावच. मात्र गिअरबॉक्समधील तेल वारंवार कमी होऊं लागलें तर क्रँकचें सील गेलें असें समजावें.

धुरानंतर दाब. गाडी गरम असतां, चावी बंद करून, किकेवर हळूहळू भार द्यावा. दाबाचा फेरा आला कीं किक अडली पाहिजे व कांहीं क्षण अडूनच राहिली पाहिजे. पाय ठेवतांच ती लोण्यांत सुरी जावी तशी खालीं गेली तर दाब कोठें तरी निसटतो आहे. दुकानांत दाबाचें घड्याळ असल्यास प्लग काढून, मूठ पूर्ण उघडून मोजावें, आणि येणारा आंकडा त्याच गाडीच्या पुस्तिकेशीं ताडावा. जुन्या बुलेटचा दाब मुळांतच कमी असतो, तिला स्प्लेंडरच्या मापानें नापास करणें अन्यायाचें होईल. दाब कमी आला तर प्लगच्या भोकांतून चमचाभर इंजिन-तेल आंत सोडून पुन्हा मोजावें. आतां आंकडा बराच वाढला, तर तेलानें रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजविल्या, दोष रिंगा-बोअरचा. जराहि वाढला नाहीं तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेडच्या पॅकिंगचा. व्हॉल्व्हचा दोष म्हणजे सुद्धां नेहमीं झीज नव्हे. टॅपेट फार घट्ट बसविले असल्यास व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं व दाब जातो. म्हणून थंड इंजिनावर टॅपेट आधीं बसवून घ्यावे, मग दाब मोजावा. हा क्रम उलटा झाल्यानें कित्येक इंजिनें व्यर्थ उघडलीं जातात.

याहून खात्रीची परीक्षा पंक्चरवाल्याच्या हवेच्या पंपावर होते. जुन्या प्लगची चिनी माती फोडून काढावी व उरलेल्या लोखंडी कवचास हवेची नळी जोडून घ्यावी. हें काम कोणताहि वेल्डिंगवाला करून देतो. पिस्टन दाबाच्या फेऱ्यांत अगदीं वर आणून, गाडी वरच्या गिअरमध्यें घालून मागचा ब्रेक दाबून धरावा, नाहीं तर हवेनें पिस्टन खालीं ढकलला जाऊन चाक फिरेल व हात सांपडेल. मग दोन-तीन किलोची हवा सोडावी आणि कान लावावा. कार्बोरेटरमध्यें फुसफुस ऐकूं आली तर आंत घेणारा व्हॉल्व्ह गळतो. सायलेन्सरमध्यें आली तर बाहेर टाकणारा. तेलाच्या तोंडाशीं आली तर रिंगांतून हवा खालीं जाते. तेलाच्या तोंडाशीं थोडी हवा चांगल्या इंजिनांतहि येते, तिला भिऊं नये. विहिरीवरच्या ऑइल इंजिनानें ज्यांचे कान तयार झाले आहेत त्या आमच्या पिढीच्या शेतकऱ्यांस हा फरक सांगावा लागत नाहीं.

आवाजाचें म्हणाल तर वरचे आवाज बहुधा स्वस्तांतले व खालचे महागांतले. हेडमधील टिकटिक टॅपेटची, बाजूची खळखळ टायमिंग चेनची. या दोहोंसाठीं बोअर करणें म्हणजे दांत दुखतो म्हणून पाय कापणें होय. थंड असतां टकटक येऊन गरम झाल्यावर कमी होते ती पिस्टन व बोअर यांमधील सैलपणाची. तेल जळत नसेल तर अशी गाडी पुढें पुष्कळ दिवस चालते. परंतु खालून, ओझ्याखालीं मूठ पिळतांच, जड हातोड्यासारखा ठोका येऊं लागला तर तो कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोंकाचा समजावा आणि त्या दिवसापासून गाडी चालविणें थांबवावें. येथें मात्र आम्ही थांबून पाहा असें म्हणत नाहीं.

कारण उदाहरण डोळ्यांपुढें आहे. जुन्या बुलेटमध्यें त्या ठिकाणीं रोलर नसून तरता बुश असतो, आणि तेल वेळेवर न मिळाल्यास तो लवकर उठतो. एका स्नेह्यांच्या बुलेटला असा ठोका लागला. "सोयाबीन निघूं द्या, मग पाहूं," असें ते म्हणत राहिले. दसऱ्याच्या सुमारास शेगांवच्या रस्त्यावर रॉड तुटला व त्याचें टोंक क्रँककेस फोडून बाहेर आलें. गाडी वेगांत नव्हती म्हणून जिवावरचें टळलें. इंजिनाचा नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. बोअर पाडला, पिस्टन बदलला, तर कागदास कांहीं होत नाहीं. पण क्रँककेस बदलली कीं नंबर बदलला, आणि मग खरेदीची पावती घेऊन बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयांत नोंद करून घेणें आलें. ती न केल्यास पुढें विक्रीस, विम्यास व नूतनीकरणास अडचण. त्यांस तीन महिने हेलपाटे पडले.

तेल बदलतांना तें पांढऱ्या थाळींत काढून उन्हांत पाहावें व त्यांत लोहचुंबक फिरवावें. चुंबकास करड्या लेपासारखी बारीक भुकटी लागणें हें नेहमींचें. नखास जाणवतील असे तुकडे किंवा चकाकणारे पापुद्रे लागले तर खालीं कांहीं तरी उकलतें आहे. पिवळसर कण बुशाचे, आणि जे चुंबकास न लागतां थाळींत चमकतात ते बहुधा पिस्टनचे. पावसाळ्यांत घर ते शेत एवढेंच चालणाऱ्या गाडीचें तेल ताकासारखें पांढरट होतें, तें इंजिन नीट तापत नसल्यानें आंतच राहिलेल्या वाफेचें. तेल बदलून एकदां लांबवर चालवून आणावी.

एवढ्या चौकशीनंतर हेड व बोअर उतरविण्याची वेळ आलीच, तर मालकानें स्वतः उभें राहावें. रिंगेची एक परीक्षा अशी आहे कीं तिला महागडीं हत्यारें लागत नाहींत. बोअर वरच्या बाजूस, जेथें पहिली रिंग येऊन थांबते, तेथें सर्वांत जास्त झिजतो. अगदीं खालीं, जेथें रिंग पोंचत नाहीं, तेथें तो जवळजवळ कोरा राहतो. एकच रिंग घेऊन ती प्रथम खालीं, मग वर, पिस्टननें सरळ ढकलून बसवावी आणि दोन्ही ठिकाणीं तिच्या टोंकांमधील फट फीलर-पट्टीनें मोजावी. परिघ व्यासाच्या सुमारें ३.१४ पट असतो, म्हणून दोन फटींमधील फरकास तिहींनीं भागलें कीं बोअर किती रुंदावला तें निघतें. समजा खालीं फट ०.२० मिलिमीटर व वर ०.५० आली, फरक ०.३०, म्हणजे बोअर सुमारें ०.१० नें झिजला. पन्नास मिलिमीटरच्या बोअरास, आणि स्प्लेंडरचा तेवढाच असतो, इतकी झीज झाल्यावर नवा बोअर पाडणेंच योग्य. फरक ०.०५ किंवा ०.१० इतकाच असेल व भिंतींवर उभे ओरखडे नसतील, तर होनिंग करून नव्या रिंगा टाकाव्यात. झिजून अंडाकृति झालेल्या बोअरांत नुसत्या नव्या रिंगा टाकणें हा मात्र पैशाचा नाश आहे. त्या चहूंकडून टेकतच नाहींत. नव्या रिंगेची फट बोअरच्या दर इंचास ३ ते ४ हजारांश इंच असावी हा जुना हिशेब आजहि बरोबर येतो.

बोअर उतरलाच आहे तर रॉड धरून सरळ वर-खालीं ओढून पाहावा. आडवें थोडें हालणें ठेवलेलेंच असतें; परंतु वर-खालीं हातास कळण्याइतका खेळ असूं नये. असला तर हाफ इंजिन करून गाडी बंद करणें म्हणजे गळक्या पखालीस नवें तोंड शिवणें. नव्या पिस्टनचा पुरा दाब त्या ढिल्या टोंकावर येतो व तें आणखी लवकर जातें. बोअरचे पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या पायऱ्यांनीं, बहुतेक एक मिलिमीटरपर्यंत, मोठे मिळतात. आपली गाडी कोणत्या पायरीवर आहे तें पिस्टनच्या माथ्यावर कोरलेलें असतें. कांहीं नव्या गाड्यांत बोअरला कठीण लेप असतो, त्यांत बोअर पाडतां येत नाहीं, सबंध ब्लॉक बदलावा लागतो. लेथवर देण्यापूर्वीं हें विचारून घ्यावें.

आणि बोअर झिजला तो कशानें, हें पाहिल्यावांचून नवा पाडूं नये. आपल्याकडे दहांपैकीं निम्म्या गाड्यांत तरी उत्तर धूळ हेंच आढळेल असा आमचा समज आहे. वैशाखांत नांगरलेल्या रानांतून जाणारी वाट म्हणजे पीठ. फिल्टरचा फोम फाटला, किंवा फिल्टर व कार्बोरेटर यांमधील रबरी नळीस चीर पडली, कीं तें पीठ तेलांत कालवून पॉलिश-कागदाचें काम करतें. ती चीर तशीच राहिली तर नवा बोअर दोन उन्हाळेहि काढणार नाहीं. स्प्लेंडरच्या तेलाची जाळी व फिरती गाळणीहि त्याच वेळीं उघडून धुवावी. ती वर्षानुवर्षें कोणी उघडीत नाहीं.

खर्चास हात घालण्यापूर्वीं नोंदणीचें पुस्तक काढून तारीख पाहावी. दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. त्यापुढें तपासणी करून पांच पांच वर्षांसाठीं नूतनीकरण होतें व पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरण सहा महिन्यांवर आलें असेल तर दोन्ही खर्च एकत्र धरूनच हिशेब करावा. चासीस गंज नसेल व कागद स्वच्छ असतील तर जुन्या चांगल्या गाडीस इंजिन बांधणें नव्या गाडीच्या हप्त्यांपेक्षां परवडतें, असें आम्ही हिशेब मांडून पाहिलें आहे. चासीच कुजली असेल तर नाहीं.

काम करविल्यास जुने भाग परत मागून घ्यावे आणि पावतीवर बोअरचें माप लिहून घ्यावें. पहिले पांचशें किलोमीटर मूठ अर्ध्यावर ठेवावी, एकाच वेगानें लांबवर चालवूं नये, मागें पोतें लादूं नये. पहिलें तेल तेवढ्यांतच काढून टाकावें व त्यांत चुंबक फिरवून पाहावें. हें सर्व मृगापूर्वीं उरकावयाचें असल्यास गाडी अक्षय्यतृतीयेच्या आंत मिस्त्र्याकडे गेलेली बरी; ज्येष्ठांत लेथवाल्यापुढें ट्रॅक्टरांचे पंप व नांगराचे फाळ येऊन पडतात, आणि मग आपल्या बोअराचा नंबर केव्हां लागेल याचा नेम नसतो.